पहिली मूठ

या, जवळ सरका. अगं, तू उंबऱ्यात का बसलीस? आत ये. उंबऱ्यावर बसून ऐकलेली गोष्ट निम्मी वाऱ्यावर जाते. आज मी तुम्हाला एक हकीकत सांगणार आहे. पोथीतली नाही आणि कुणा बुवांच्या तोंडून ऐकलेलीही नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. पूर्वरंग लांबला की मागची म्हातारी माणसं पेंगायला लागतात, हे आयुष्यभर कीर्तनं ऐकून मला ठाऊक झालंय. म्हणून मी तुम्हाला थेट रानातच नेते.

माघातली सकाळ होती. कालव्याच्या कडेला जगतापांच्या रानात आमचा वाडा उतरला होता. आम्हा धनगरांचा वाडा म्हणजे काही दगडामातीचं घर नव्हे. दोन-चार पालं, सामान वाहायला घोड्या, राखणीला कुत्री आणि मेंढरं. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याच्या मातीला खत मिळायचं आणि आम्हाला त्याबद्दल जोंधळ्याचं पोतं. असं गाव मागे टाकत चालायचं.

माझा नवरा सिदू मेंढरं घेऊन कालव्याच्या भरावावर निघाला होता. तिथं कोवळं गवत उगवलं होतं. आणि त्या गवताच्या तोंडाशी काठी आडवी धरून माझी थोरली जाऊ भिवरा उभी होती.

"वहिनी, बाजूला व्हा. मेंढरं उपाशी हायेत," सिदू म्हणाला.

"दव उतरू द्या, भाऊजी. आन् दव उतरल्यावर आधी कोकरं. त्यांनी शेंडं खाल्लं की मागनं तुमची मेंढरं."

"तुमची कोकरं म्हंजी काय कीर्तनाचं बुवा हायेत व्हय? आधी त्यांची पंगत, आन् आमी खरकट्यावर?"

"बुवाच समजा. बुवांचं पोट बिघडलं तर कीर्तन कोण करणार?"

मला खुदकन हसू आलं. सिदूनं माझ्याकडे डोळे वटारले आणि मेंढरं मागे वळवली. वळवता वळवता पुटपुटला, "निम्मी कोकरं पदरात पडायची हायेत, मंग काय, बाई राज्यच करंल."

ते निम्म्या कोकरांचं काय होतं, ते आधी सांगते.

भिवराचा नवरा म्हाकू, म्हणजे माझा थोरला दीर, आदल्या पावसाळ्यात माळावर वीज पडून गेला. भिवराला मूलबाळ नव्हतं. तिचा भाऊ आला आणि म्हणाला, बहिणीला घेऊन जातो, एका बिजवराशी तिचा पाट लावतो. तो बिजवर तिच्या बापाच्या वयाचा होता.  वाड्यातून भिवराचा पाय निघेना. आमचे सासरे तायाप्पा कडक माणूस, पण अन्यायी नव्हते. ते म्हणाले, "औंदाची दूध तुटलेली कोकरं हिनं वाढवावी. होळीपत्तोर जगतील त्यातली निम्मी हिची. हिच्या नावची खूण मी सोता कानाला पाडीन. सोताची मेंढरं असल्यावर हिला वाड्यातनं कोण उठवतंय?"

आमच्यात ज्याची मेंढरं त्याची खूण. कुणी कान टोकाशी कातरतो, कुणी कडेला खाच पाडतो. बाईच्या नावाची खूण आमच्या वाड्यात तोवर कधी पडली नव्हती. भावाला रिकाम्या हातानं जावं लागलं. होळीला पुन्हा येतो म्हणाला.

संक्रांतीनंतर कोकरांचं दूध तोडलं. कोकरं वेगळ्या वाघरीत घातली. वाघर म्हणजे सुताचं जाळं, मेंढरांभोवती लावतात ते. इकडे कोकरं ओरडायची, तिकडे त्यांच्या आया. मायलेकरांच्या मधे फक्त ते जाळं. ते ओरडणं ऐकवत नाही बायांनो. आणि त्याच दिवशी आमच्याकडची एक रीत असते, पहिली मूठ. वाड्यातल्या सगळ्यांत थोरल्या बाईनं सुपात जोंधळा घ्यायचा, बिरोबाचं नाव घेऊन त्याला हळद लावायची आणि एकेका कोकरापुढं हात धरायचा. कोकरू चार दाणे टिपतं तोवर म्हणायचं, "लेकरा, आजपासनं रानाचं दूध पी." बस्स, तेवढंच. त्यानंतर बरेच दिवस दाण्याचं नाव घ्यायचं नाही. नुकतं दूध तुटलेल्या कोकराच्या पोटाला दाणा झेपत नाही.

ती मूठ आमच्या सासूनं, केराआत्यांनी दिली. त्यांनी हात धरला की कोकरं ओरडायची थांबायची. त्यांच्या हाताला दुधाचाच वास होता म्हणा ना.

त्या दिवसापासून भिवरा आणि कोकरं, दुसरं जगच नाही. ज्या गवतावरनं मोठी मेंढरं चरून गेली, त्यावर त्यांच्या लेंड्या पडतात आणि तिथनंच कोकरांच्या पोटात जंत शिरतात. म्हणून नव्या गवताचा पहिला घास कोकरांचा. ओल्या गवतानं पोट फुगतं, म्हणून दव उतरेपर्यंत ती वाघर उघडायची नाही. दुपारी कालव्यापलीकडच्या बागायतीत जाऊन शेवरीचा पाला तोडून आणायची. तो दोरीनं उंच टांगायची, म्हणजे कोकरांनी मान वर करून खावा, पायाखाली तुडवू नये. बाभळीच्या शेंगा, भुईमुगाचा वाळला पाला, चाटायला मिठाचा खडा. कुणाच्या शेपटीखाली घाण दिसली की ते कोकरू बाजूला. कोकरं दिसामाशी अंग धरू लागली. मामंजी येता-जाता त्यांच्या पाठीवरनं हात फिरवायचे, कणा बोटाला लागतो का बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकीच.

एक गोष्ट मात्र आम्हा नवरा-बायकोच्या डोळ्यांत खुपायची. भिवरा सदा आत्यांच्या मागेमागे असायची. आत्या चुलीपाशी बसल्या की ही त्यांच्या शेजारी. आत्या पाण्याला निघाल्या की ही हातातली कामं टाकून बरोबर. आत्यांना कुणी काही विचारलं की उत्तर ही द्यायची. सिदू म्हणायचा, "सासूला हाताशी धरलीया. कोकरं पदरात पडंपत्तोर सेवा चाललीया, मंग बघ." मलाही तसंच वाटायचं.

तर ती माघातली सकाळ. गावात हरिनाम सप्ताह चालला होता आणि त्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. मला कीर्तनाचं वेड माहेरपासूनचं. वाडा ज्या गावात उतरेल तिथं देवळात काय चाललंय, याचा तपास मी पाण्याला जातानाच काढायची. मामंजी आणि सिदू मोठी मेंढरं घेऊन लांबच्या पडाला, म्हणजे पडीक रानाला, गेले. भिवरा पाल्याला निघाली होती. मी आत्यांना म्हटलं, "आत्या, जाऊ का काल्याला?"

"जा की गं. देवाचं ऐकून ये, आन् आल्यावर मला सांग. म्या हाय की कोकरांपाशी."

भिवरा विळा घेऊन निघालेली थबकली. "ठकू, कीर्तन लवकर आटपंल न्हवं?"

"काल्याचं हाय. दुपार हुईल."

ती आत्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीच लवकर येते," आणि धावतच कालव्याकडे गेली.

काय रंगलं होतं ते कीर्तन! बुवांचा आवाज कर्ण्यातून पार शिवारात घुमत होता. गोकुळातले सवंगडी यमुनेच्या काठी बसलेत, जो तो आपली शिदोरी सोडतोय. कुणाची भाकरी, कुणाचं ताक, कुणाचं नुसतंच मीठ. आणि देव सगळ्यांची शिदोरी एकात कालवतोय, कुणाचं काय होतं ते कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. बुवा म्हणाले, "बाबांनो, लाज झाकावी ती अशी!" मी मांडवाच्या अगदी कडेला बसलेली. डोळे पुसत होते. हंडी फुटली, दहीलाह्यांचा प्रसाद पळसाच्या पानावर घेतला आणि आत्यांना तो नेऊन द्यायचा म्हणून पाय उचलून निघाले.

वाड्याजवळ आले आणि कसंतरीच वाटलं. कोकरं ओरडत नव्हती.

वाघरीत जाऊन बघते तर कोकरं आडवी पडलेली. पोटं पखवाजाच्या चामड्यासारखी ताणलेली. कुणी दात खातंय, कुणी उठायला बघतंय आणि पायात पाय अडकून पडतंय. सगळीकडे आंबूस वास. भिवरा मधोमध गुडघ्यांवर बसून एका कोकराच्या तोंडात काहीतरी ओतत होती. तिचे केस सुटले होते. जोंधळ्याच्या पोत्याचं तोंड उघडं होतं.

"अक्का, काय झालं गं? दाणं कुणी..."

"सोडा आन. पुडी माझ्या गाठोड्यात हाय. पाण्यात कालव. आन् गोडं तेल."

"आत्या कुठं हायेत?"

"पालात निजल्यात. त्यास्नी उठवू नको. बरं न्हाई त्यास्नी."

मी प्रसादाचं पान तिथंच ठेवलं. मग आम्ही दोघी कोकरांना सोड्याचं पाणी पाजत होतो, तेल पाजत होतो. उभी राहतील त्यांना चालवत होतो, पडतील त्यांची पोटं चोळत होतो. भिवरा एकेकाच्या कानाशी बोलायची, "ऊठ रं. ऊठ माझ्या राजा." काही उठली. बरीचशी नाही उठली. ऊन कललं तेव्हा निम्म्याहून जास्त कोकरं वाघरीच्या कडेला ओळीनं पडली होती आणि पलीकडे, मेंढरांच्या रिकाम्या जागेत, कुत्रं मान खाली घालून बसलं होतं.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. मामंजी आणि सिदू मेंढरं घेऊन आले. मेंढ्या कोकरांच्या वाघरीपाशी येऊन ओरडायला लागल्या. दूध तोडलं तरी त्यांना आपापलं लेकरू ओळखू येतंच की.

मामंजींनी काठी टेकली. एका मेलेल्या कोकराच्या ओठात बोट घातलं. बोटाला जोंधळ्याचा दाणा लागला.

आमच्यात त्या काळी थोरली सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे; धाकटीला तेवढी सूट असायची. मधे कुणीतरी तिसरं लागायचं. म्हणून मामंजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "दाणं कुणी घातलं?"

भिवरानं पदर पुढे ओढला. तीही माझ्याकडेच बघून बोलली.

"ठकू, मामंजींना सांग, मी घातलं."

माझा विश्वास बसेना. "अक्का, तू?"

"सांग त्यांना. काल्याचा दिस हुता. समदं गाव गोड खातंय, कोकरांनीबी चार दाणं खावं म्हनून सूप ठिवलं. ती एवढं खातील असं वाटलं न्हाई."

बायांनो, तो निरोप माझ्या तोंडून गेला. दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली दोन माणसं आणि मधे मी. "मामंजी, ती म्हंती, तिनं घातलं."

सिदूसुद्धा गडबडला. रोज टोमणे मारणारा माणूस, पण म्हणाला, "आबा, हे खरं वाटत न्हाई. गवतावरचं दव उतरंपत्तोर काठी आडवी धरनारी बाई ती. दाण्याचं सूप ठिवंल व्हय?"

"ती म्हंतीया न्हवं?" मामंजी म्हणाले. त्यांचा चेहरा उन्हात भेगाळलेल्या जमिनीसारखा झाला होता. "ठकू, तिला सांग, ज्याच्या हातनं कोकरं मेली, त्याच्या नावची खूण पडत न्हाई. ह्यो वाड्याचा कायदा हाय, म्या केलेला न्हाई. सकाळच्या एस्टीनं तिनं भावाकडं जावं."

भिवरानं मान हलवली. जणू कुणी तिला चुलीवरचा तवा उतरव म्हणालं होतं, तशी. मग पदर खोचून तिनं मेलेलं पहिलं कोकरू उचललं आणि सिदूनं बांधाकडे खड्डा खणायला घेतला.

आत्या पालातून बाहेर आल्या नाहीत. भिवरानं त्यांना आतच भाकरी दिली.

सकाळी ती निघाली तेव्हा तिचं सगळं सामान एका गाठोड्यात मावलं. वाचलेल्या कोकरांपाशी मला घेऊन गेली.

"हे बघ, यास्नी होळीपत्तोर दाणा दावू नको. वाळला पाला आन् तुरीचं भुसकट. पानी वाईच कोमट. त्या ठिपक्याच्या कानाचं अजून पोट साफ न्हाई, त्याला येगळं ठिव."

"अक्का, तू खरंच..."

"आन् ठकू, आत्यांना एकटं सोडू नको. पान्याला गेल्या तर मागं जा. त्यांनी इचारलं तर 'येत्यात' म्हन."

"कोण येत्यात?"

"तू नुसतं येत्यात म्हन." एवढं बोलून ती वळली. कालव्याच्या भरावावरनं फाट्याकडे चालत गेली. एकदाही मागे बघितलं नाही.

मामंजी घोडीची दोरी वळत बसले होते. मी चूल सारवत होते. तेवढ्यात आत्या पालातून बाहेर आल्या. हातात सूप आणि सुपात काठोकाठ जोंधळा. बोटांना हळद लागलेली.

"ठकू, अगं कोकरांना पहिली मूठ द्यायची ऱ्हायली की!"

मी गोंधळले. "आत्या, ती संक्रांतीच्या मागनंच दिली न्हवं का?"

"कुठं दिली? काल म्या देत हुते. देत हुते, देत हुते, तर भिवरा आली आन् सूप वढून घेतलं. पुरी दिऊ दिली न्हाई बघ. आन् लई रडली गं. येडी हाय पोरगी. आता म्हाकू मेंढरं घिऊन येईल, त्यो इचारंल, आई, मूठ दिलीस का. काय सांगू त्याला?" त्यांनी कपाळावर आडवा हात धरून पडाकडे बघितलं. "आला का गं म्हाकू?"

मामंजींच्या हातातली दोरी थांबली.

मी आत्यांकडे बघितलं. तेच तोंड, तेच कुंकू, तीच शांत नजर. आणि मला एकदम कळलं, भिवरा त्यांच्या मागेमागे का असायची, त्यांची उत्तरं तीच का द्यायची. म्हाकूची बायको ती. आपला नवरा मेलाय हे जिला विसरता येत नाही, तिला ही माय दिवसातनं कितीदा विचारत असेल!

"येत्यात, आत्या," मी म्हटलं.

"मंग तवर देते," म्हणत आत्या वाघरीकडे निघाल्या. मामंजी उठले. त्यांनी सुपाची एक कड धरली. आत्यांनी दुसरी सोडली नाही. दोन म्हातारी माणसं सूप धरून उभी.

"केरा," मामंजी म्हणाले, "दे. म्या देतो."

"तुमी? बाप्यानं देत्यात व्हय पहिली मूठ?" आत्या हसल्या. पण सूप सोडलं.

मामंजींनी ते पोत्यात रिकामं केलं. पोत्याचं तोंड बांधताना त्यांना गाठच मारता येईना. मग सिदूला हाक मारली, "आईपाशी बस. हलू नको." आणि मला म्हणाले, "चल. एस्टी यायची हाय."

मी धावत होते आणि ते चालत होते, तरी ते पुढे होते.

फाट्यावर बाभळीखाली भिवरा गाठोड्यावर बसली होती. आम्हाला बघून उठली, पदर ओढला, पाठमोरी झाली. मामंजींना धाप लागली होती.

"ठकू, तिला इचार, का न्हाई सांगितलं."

"त्यांना सांग, सांगन्याजोगं काय हुतं? दाणं मीच घातलं."

"तिला सांग, केरा आत्ता सूप घिऊन आली हुती."

भिवराची पाठ ताठ झाली. पहिला प्रश्न तिनं मला विचारला तो असा, "कोकरांनी खाल्लं?"

"न्हाई अक्का. मामंजींनी सूप धरलं."

ती मटकन गाठोड्यावर बसली.  मग ती हळू आवाजात म्हणाली, "ठकू, आता त्यांना इचार. आत्यांना संगं नेनार, का ठिवनार?"

हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. मामंजींची चुलती अशीच विसरायला लागली होती. एकदा चालत्या वाड्यातून भलत्याच वाटेला गेली, दिवसभर सापडली नाही. तेव्हा मामंजींनीच ठरवलं, वाट विसरणारं माणूस वाड्याला पेलत नाही. तिला लेकीच्या सासरी नेऊन ठेवली. ती म्हातारी तिथं रस्त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढरांना विचारायची, तुमी तायाप्पाच्या वाड्यातली का? पुढच्या पावसाळ्याच्या आत गेली. हे सगळं आम्ही सुनांनी ऐकलेलं होतं. त्यावर कधी कुणी बोलत नसे.

"सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनाच ठाऊक हाय," भिवरा माझ्याकडे बघून म्हणत होती. "मला भाऊ तरी हाय. आत्यांना वाडा सोडून काय हाय? चालत्यात तवर त्यांना म्हाकू येतोय असं वाटतं. कुठं बसवलं की त्यो यायचा थांबंल."

लांब धूळ दिसली. एस्टी आली, करकचून थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "चला, चला! कोण येणार? मावशी, गाठोडं वर टाका."

भिवरा उठली. गाठोड्याला हात घातला.

आणि मामंजी बोलले. माझ्याकडे बघून नाही. तिच्याकडे बघून. वाड्यात ती नवरी होऊन आली त्या दिवसापासून पहिल्यांदा.

"पोरी."

भिवरा जागच्या जागी थांबली.

"एका पालात निजतो म्या तिच्यासंगं. मला कळलं न्हाई. तुला कळलं." त्यांचा आवाज फाटत होता. "चुलतीला म्या ठिवलं. ते फेडता येत न्हाई. केरा चालंल. वाट इसरली तर वाडा थांबंल, पन चालंल. निस्तं मला एकट्याला ते हुनार न्हाई. तू चल."

कंडक्टर आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत होता. "अहो, काय ते ठरवा की! गाडी काय लग्नाची न्हाई थांबायला."

भिवरानं मामंजींना उत्तर दिलं नाही. रीत ती रीत. तिनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "ठकू, गाठोडं धर. ठिपक्याच्या कानाचं येगळं ठिवलंस का?"

मी कुठलं ठेवलं होतं! घंटी वाजली, एस्टी गेली आणि आम्ही तिघं धुळीतनं परत फिरलो. मामंजी पुढे, आम्ही दोघी मागे.

वाचलेली कोकरं होळीला चांगली धडधाकट होती. भिवराचा भाऊ आला तेव्हा मामंजींनी त्याच्यासमोर एकेक कोकरू गुडघ्यात धरलं आणि डाव्या कानाला खाच पाडली. निम्म्यांना नव्हे, सगळ्यांनाच. सिदू कोकरं पकडून देत होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, आता पंगतीला आमीबी बसू ना मागनं?" आणि भिवरा म्हणाली, "बसा, खरकटं ठिवलंय."

आत्या त्यानंतर दोन पावसाळे चालल्या. चालताना त्यांच्या पदराला भिवराच्या पदराची गाठ असायची. कधी वाटेतच बसायच्या, तेव्हा सगळा वाडा बसायचा. घोड्या, कुत्री, मेंढरं, सगळी. मामंजी तंबाखू मळत आभाळाकडे बघत राहायचे. भिवरानं आत्यांना एक निराळं सूप करून दिलं होतं. त्यात जोंधळा नसायचा, तुरीचं भुसकट असायचं, हळद लावलेलं. आत्यांच्या मनात येईल तेव्हा, दिवसातनं येईल तितक्यांदा, त्या कोकरांपुढं हात धरायच्या, "लेकरा, आजपासनं रानाचं दूध पी." कोकरं खायची. त्यांना ते मानवायचं. मग आत्या विचारायच्या, "आला का गं म्हाकू?"

आणि भिवरा म्हणायची, "येत्यात, आत्या." मी आयुष्यात पुष्कळ नाम ऐकलं बायांनो, टाळांच्या गजरात ऐकलं. पण तो एक शब्द ती जितक्या जपून उच्चारायची, तितक्या जपून उच्चारलेलं दुसरं काही मी ऐकलं नाही.

शेवटच्या दिवशी आत्यांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. त्यांनी विचारलं आणि तिनं तेच सांगितलं.

भिवरा परवाच्या श्रावणात गेली. तिच्या खुणेची मेंढरं आता पार तीन वाड्यांत पांगलीत. पण पोटी लेकरू नव्हतं. पितृपंधरवड्यात तुम्ही आपापल्या माणसांसाठी पान वाढता, एकेकाचं नाव घेता. तिचं नाव घेणारं माझ्यामागे कुणी उरणार नाही. म्हणून मागून ठेवते. तुमची सगळी माणसं झाली की शेवटी हात जोडून आणखी एक नाव घ्या. भिवरा. म्हाकूची भिवरा म्हणा, म्हणजे तिला कळेल.